आभार मानायला पत्ता हवा: मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ, फोर्ट, मुंबई
यांस,

पत्रास कारण की, वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकून मोठी झालेली माणसे आपापल्या विद्यापीठाचे ऋण मानतात अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात आणि त्यांत आपल्या विद्यापीठाचे नाव शोधावे लागते. २०१० साली टाटा समूहाच्या कंपन्यांनी आणि ट्रस्टांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलला ५ कोटी डॉलर दिले. रतन टाटा १९७५ मध्ये तिथे गेले होते ते वरिष्ठ व्यवस्थापकांसाठीच्या काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला. पूर्ण पदवीसुद्धा नव्हती ती. त्याच वर्षी आनंद महिंद्रा यांनी आईच्या सन्मानार्थ हार्वर्डच्या मानव्यविद्या केंद्राला १ कोटी डॉलर दिले. ते तिथलेच पदवीधर आणि १९८१ चे तिथलेच एमबीए.

कुमारमंगलम बिर्ला यांचे उदाहरण तर घरचेच म्हणायचे. बी.कॉम. आपल्या विद्यापीठाचे, मग सीए, मग १९९२ मध्ये लंडन बिझनेस स्कूलचे एमबीए. तीनच वर्षांनी वडील आदित्य बिर्ला गेले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सगळा समूह अंगावर येऊन पडला. इतरांना चुकतमाकत शिकायला नोकरीची पहिली आठ-दहा वर्षे मिळतात, ती त्यांना मिळाली नाहीत. शिदोरीत जे होते त्यावरच भागवायचे होते. २०२२ मध्ये त्यांनी लंडन बिझनेस स्कूलला दीड कोटी पौंड दिले, आजोबा बी. के. बिर्ला यांच्या नावाने शिष्यवृत्त्या देण्यासाठी.

परदेशाचे आकर्षण, दुसरे काय, असे म्हणून हा विषय झटकून टाकता आला असता. पण कलिन्याहून पवई काही सातासमुद्रापलीकडे नाही. नंदन नीलेकणी १९७३ मध्ये आयआयटी मुंबईत दाखल झाले, १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरीला लागले. तिथे त्यांची मुलाखत घेतली ती नारायण मूर्तींनी. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. २०२३ मध्ये, प्रवेशाला पन्नास वर्षे झाली म्हणून, त्यांनी आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरले तर ४०० कोटी होतात. त्याच वर्षी १९९८ च्या तुकडीने पंचविशीनिमित्त एकत्र येऊन ५७ कोटी जमवले. हे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात एकटा कुबेर नाही. एका वर्षाचे वर्गमित्र आहेत.

आपल्या विद्यापीठालाही देणगीदार मिळालेले आहेत आणि मिळतात, हे खरे. हे पत्र देणगीसाठी नाहीच. प्रश्न वेगळा आहे. फोर्टपासून पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या शेकडो महाविद्यालयांतून दरवर्षी लाखाहून अधिक मुले-मुली आपली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांत वाणिज्य आणि व्यवस्थापनवाले रग्गड. त्यांच्यातल्या कुणाला पाच-सात वर्षांनी वाटले की विद्यापीठाचे आभार मानावेत, तर ते मानायचे कुणाजवळ?

याचे मूळ जुने आहे. १८५७ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे जी विद्यापीठे निघाली ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. पुढे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आले, कलिन्याचे विद्यानगरी संकुल आले, पण पदवीच्या विद्यार्थ्यापुरते नाते बदलले नाही. मुलगा पोदारचा असतो, डहाणूकरचा असतो, वझे-केळकरचा नाही तर बेडेकरचा असतो. 'मुंबई विद्यापीठ' हे शब्द तो बायोडेटात लिहितो. विद्यापीठाशी त्याचा संबंध येतो तो हॉल तिकीट, एटीकेटी, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आणि निकाल एवढ्यापुरता. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत निकाल महिनोन् महिने रखडले, पुढचे प्रवेश आणि हातातल्या नोकऱ्या लटकल्या आणि अखेर राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या वर्षीच्या पदवीधराला विद्यापीठ म्हटले की काय आठवत असेल, हे सांगायला नको.

सिडनहॅमची गोष्ट तर आणखी मजेची. १९१३ मध्ये निघालेले हे महाविद्यालय आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. दीपक पारेख तिथले, उदय कोटक तिथले. आता सिडनहॅम डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले आहे. प्रशासकीय दृष्ट्या ते ठीकच असेल. पण शंभर वर्षांचे पदवीधर, ज्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आपली मुद्रा आहे, ते आता नेमके कुणाचे?

आपल्या फोर्टच्या आवारातला राजाबाई टॉवर या बाबतीत काही सांगू शकेल. प्रेमचंद रायचंद हे कापसाचे आणि शेअरचे दलाल. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि मग घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे नाव द्यावे एवढी इच्छा सांगितली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, बॅक बे रिक्लमेशनचे शेअर कवडीमोल झाले आणि प्रेमचंद स्वतः बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. ज्या दलालांच्या संघटनेतून आजचा मुंबई शेअर बाजार उभा राहिला, तिच्या संस्थापकांत हेच गृहस्थ होते. म्हणजे मुंबईच्या धंदेवाल्याने विद्यापीठाला हात दिला तो विद्यापीठ अजून पाळण्यात असताना, आणि तोही स्वतः तिथला पदवीधर नसताना. अलीकडे, २०१५ मध्ये या वास्तूचा जीर्णोद्धार पार पडला तोही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशातून. बाहेरच्यांनी दिले, त्यांचे उपकार आहेतच. घरच्यांना मात्र कुणी विचारले नाही.

आता या घरच्यांकडे, म्हणजे ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांच्याकडे येऊ.

अंबरनाथ, नालासोपारा किंवा पनवेलच्या एखाद्या बी.कॉम. मुलीचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणावा. सकाळी सातचे लेक्चर, त्यासाठी पाचच्या सुमाराची लोकल. दहा-साडेदहाला लेक्चरे संपली की फोर्ट किंवा मशीद बंदरच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात हजर. पहिले काही महिने व्हाउचरे लावायची, बिले तपासायची, बँकेचे पासबुक आणि कॅशबुक यांचा मेळ घालायचा. महिन्याचे पंचांग वेगळेच: ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी. पोर्टल शेवटच्या दिवशी हमखास अडते आणि अशिलाचा फोनही हमखास त्याच वेळी येतो. एक्सेलमधला व्हीलुकअप तिला कुणी वर्गात शिकवलेला नसतो. टॅली शेजारच्या टेबलावरच्या दादाकडून शिकायची. सीए करायचे असेल तर आर्टिकलशिप; ती पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली.

दुसरी वाट बॅक ऑफिसची: ऐरोली, मालाडचे माइंडस्पेस, रात्रपाळी, परदेशातल्या कुठल्या तरी बँकेचे हिशेब जुळवणे. तिसरी वाट विक्रीची. बँकेत सेल्स ऑफिसर म्हणून लागायचे, नाव 'रिलेशनशिप' असते आणि काम टार्गेट असते. मार्च उजाडला की मावशीला, आत्याला विम्याची पॉलिसी घ्यायला लावायची. चौथी वाट स्पर्धा परीक्षांची. आयबीपीएसचे फॉर्म भरत दोन वर्षे कधी जातात ते कळत नाही. एमबीएची सीईटी ही सगळ्या वाटांवरची सामायिक आशा.

या काळात विद्यापीठाविषयी कुणाचेच मत चांगले नसते. 'तीन वर्षे काय शिकवले, कुणास ठाऊक' हे वाक्य पहिल्या नोकरीत प्रत्येक पदवीधर म्हणतो. त्यात तथ्यही असते. अभ्यासक्रमातली गणिते ठोकळेबाज, उदाहरणांतली कंपनी नेहमीची 'एक्स लिमिटेड', आणि परीक्षेत सोडवलेला ताळेबंद नेहमी जुळणारा. प्रत्यक्षातला जुळत नाही. चार रुपयांचा फरक शोधायला एक अख्खी संध्याकाळ जाते.

पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी काही तरी फिरते. ऑफिसात नवीन पोरे येतात, त्यांना नोंद का चुकली हे समजावून सांगताना त्या बी.कॉम. मुलीला जाणवते की नावे बाजू आणि जमा बाजू तिच्या हाडीमाशी खिळल्या आहेत. घसारा म्हणजे पैसे बाहेर जाणे नव्हे, नफा आणि रोकड एक नव्हेत, उधारीवर विकलेला माल विकला गेलाच असे नाही, या गोष्टी तिला विचार न करता कळतात. शेजारी बसलेला अभियंता हुशार असतो, पण त्याला त्या तीनदा सांगाव्या लागतात. कुठल्याशा एस.वाय.च्या वर्गात, पंख्याच्या घरघरीवर आवाज चढवून, शंभर-सव्वाशे मुलांना खर्चाचे वर्गीकरण शिकवणाऱ्या बाई किंवा सर तेव्हा आठवतात. कृतज्ञता ही अशी उशिरा येते. ती येते तेव्हा विद्यापीठ आसपास नसते, हीच या पत्रामागची तक्रार.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही फारसे वेगळे घडलेले नाही. आपल्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचेच पाहा. १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने ही संस्था चर्चगेटला सुरू झाली. उदय कोटक तिथून १९८२ मध्ये मास्टर्स झाले. क्रिकेट खेळताना डोक्याला चेंडू लागला, शस्त्रक्रिया झाली आणि शिक्षणाचे एक वर्ष बुडाले. घरचा कापसाचा व्यापार, एकत्र कुटुंब. त्यांनी हेरले ते एवढेच की बँका ठेवीदाराला जे व्याज देतात आणि कर्जदाराकडून जे घेतात, त्यांत मोठी दरी आहे. नेल्कोसारख्या टाटांच्या कंपनीला खेळते भांडवल हवे होते. नातेवाइकांना आणि मित्रांना बँकेपेक्षा बरे व्याज हवे होते. मध्ये उभे राहून बिले वटवायची, हा धंदा. १९८५ मध्ये कंपनी निघाली, पुढच्या वर्षी महिंद्रा कुटुंब भागीदार झाले आणि नाव बदलले. २००३ मध्ये तिची बँक झाली. वित्त कंपनीची बँक होण्याचा भारतातला तो पहिला प्रसंग. सगळ्याच्या मुळाशी एक दरी आणि एक वजाबाकी. ती वजाबाकी कुठलेही वाणिज्य महाविद्यालय शिकवते. ती बाजारात करून पाहण्याची छाती शिकवता येते का, हा वादाचा मुद्दा आहे, आणि त्याचे श्रेय विद्यापीठाने घेऊ नये.

विनिता बाली दिल्लीहून अर्थशास्त्र शिकून बजाजमध्ये आल्या. पहिली नोकरी व्होल्टासमध्ये. वातानुकूलन यंत्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने रसना बाजारात आणले, त्या कामात त्या होत्या. पुढे कॅडबरी, कोका-कोला, मग ब्रिटानियाचे प्रमुखपद. नितीन परांजपे बजाजमधून १९८७ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागले आणि २००८ मध्ये त्याच कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०२२ मध्ये अध्यक्ष. लिव्हरची जुनी रीत अशी होती की एमबीए होऊन आलेल्या पोराला आधी काही आठवडे खेड्यात राहायला पाठवायचे. उत्तर प्रदेशातला एटा जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता. चर्चगेटच्या वातानुकूलित वर्गातून आलेला मुलगा तिथे गुराढोरांच्या गोठ्याशेजारी राहायचा, दुकानदाराच्या फळीवर साबणाच्या किती वड्या आहेत ते मोजायचा. आज सेल्स ट्रेनी म्हणून जळगाव, नांदेड किंवा सोलापूरच्या बीटवर फिरणारी मुले वेगळे काही करत नाहीत. डिस्ट्रिब्युटरकडे अडकलेला मालाचा साठा, न आलेली क्रेडिट नोट, आणि 'साहेब, मागची स्कीम अजून मिळाली नाही' हा रोजचा मंत्र. व्यवस्थापनाचे शिक्षण खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते. मग विद्यापीठाने काय केले? त्याने त्या मुलाला त्या दुकानापर्यंत आणून सोडले. हे थोडे नाही.

थोडे नाही असे म्हणायला आणखी एक कारण आहे आणि त्याची वाच्यता कमी होते. मुंबईतली वाणिज्य महाविद्यालये सकाळी भरतात. जगातल्या कुठल्याही नामांकित बिझनेस स्कूलच्या माहितीपत्रकात हे वैशिष्ट्य म्हणून छापलेले नसेल, पण या शहरातल्या लाखो घरांच्या दृष्टीने सगळ्यात मोठे दान तेच. घरात कमावणारे हात कमी असले तरी मुलगा शिकू शकला, कारण दहा-साडेदहाच्या आत लेक्चर संपत होते. १९७१ पासून विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षणाची जी सोय केली तिचेही तसेच. कारकुनी करता करता, बाळंतपणानंतर किंवा पार निवृत्तीच्या उंबरठ्यावर पदवी घेतलेली माणसे मुंबईच्या प्रत्येक चाळीत सापडतील.

सिडनहॅममध्ये १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या नोकरीतून शिल्लक टाकून ते लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला गेले. पुढे त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळी घेतले. १९५३ मध्ये सोसायटीचे वाणिज्य महाविद्यालयही निघाले. शिक्षणाचे ऋण असेही फेडता येते: आपल्याला जे मिळाले ते अधिक लोकांना, त्यांना परवडेल त्या वेळी, मिळेल अशी सोय करून. आणि ते जिथे शिकले होते ते कोलंबिया विद्यापीठ? बाबासाहेबांनी न्यूयॉर्क सोडले १९१६ मध्ये. कोलंबियाने त्यांना मानद पदवी दिली १९५२ मध्ये. छत्तीस वर्षांत तो माणूस कुठे पोचला, काय लिहिले, काय घडवले, याचा त्या विद्यापीठाला पत्ता होता. माजी विद्यार्थ्याची ओळख ठेवणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

आपल्याकडे पदवीधराची आठवण निघते ती तीन वेळा. पहिली, अधिसभेच्या निवडणुकीत. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये, बऱ्याच रखडपट्टीनंतर, आपल्याकडे ही निवडणूक झाली तेव्हा मतदार होते १३ हजारांच्या आसपास. दीडशेहून अधिक वर्षे पदव्या देणाऱ्या विद्यापीठाचे नोंदणीकृत पदवीधर एवढे! नोंदणी करून घेतात ते बहुधा राजकीय पक्षांच्या युवा आघाड्यांचे कार्यकर्ते, आणि मतदान झाले की फॉर्म आणि फॉर्म भरणारा दोघेही विसरले जातात.

दुसरी आठवण नॅकची समिती येणार असते तेव्हा. मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचे गुण आहेत. त्यामुळे कित्येक महाविद्यालयांत समिती यायच्या आधी घाईने मेळावा होतो, सत्कार होतो, छायाचित्रे निघतात, अहवालाला जोडली जातात. आलेल्या माणसांना पुन्हा कुणी फोन करत नाही.

तिसरी वेळ पदवीधरालाच गरज पडते तेव्हाची. कॅनडात किंवा जर्मनीत जायचे असते, ट्रान्सक्रिप्ट हवे असते, गुणपत्रिकांची पडताळणी हवी असते. मग तो रजा टाकून कलिन्याच्या परीक्षा भवनात येतो. हाच त्याचा माजी विद्यार्थी म्हणून विद्यापीठाशी पहिला आणि शेवटचा व्यवहार. सर, कृतज्ञतेचा कारभार सुधारायचा तर सभागृहातल्या सत्कारापासून सुरुवात करू नये. त्या खिडकीपासून करावी. परगावच्या, परदेशातल्या पदवीधराला घरबसल्या, ठरलेल्या दिवसांत, कुणाच्या ओळखीशिवाय कागद मिळाला, तर त्या एका कामाने जेवढी आपुलकी निर्माण होईल तेवढी दहा मेळाव्यांनी होणार नाही.

मग दुसरे काम. दीक्षान्त समारंभाच्या वेळी आणि महाविद्यालयांतल्या पदवीदानाच्या वेळी प्रत्येकाचा चालू संपर्क घ्यावा आणि एका वर्षाने त्याला विचारावे: काय करतोस, शिकलेले काय उपयोगी पडले, काय कमी पडले. पैशाचा विषय काढू नये. पंचविशीतल्या पदवीधराकडे पैसे नसतातच. भाडे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायचे पैसे यांत त्याचा पगार जातो. त्याच्याकडे ताजी माहिती असते, आणि ती अभ्यासमंडळातल्या कुणाहीकडे नसते. जीएसटीचे विवरणपत्र प्रत्यक्षात कसे भरतात, बँका कर्जाचा अर्ज कसा पाहतात, डिस्ट्रिब्युटर कंपनीला कसा गंडवतो आणि कंपनी डिस्ट्रिब्युटरला कशी, हे तो एका तासात सांगू शकतो. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासमंडळावर पदवी घेऊन पाच ते आठ वर्षे झालेले दोन तरी पदवीधर असावेत. निवृत्त मान्यवर पुष्कळ झाले.

वेळ देणारे माजी विद्यार्थी ही आपल्या विद्यापीठाची जुनी परंपराच आहे. १८६२ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. न्यायालयाचे काम सांभाळून ते विद्यापीठाच्या कारभारात रमले आणि मराठीसह देशी भाषांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात जागा मिळावी म्हणून शेवटपर्यंत झगडले. त्या झगड्याचे फळ मराठीचा प्रत्येक विद्यार्थी आज खातो. देणग्यांच्या पाटीवर त्यासाठी एक रुपयाही मांडता येणार नाही.

उमेदवारीचेही तसेच. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. योजना येतील, जातील. पण मुंबईतल्या हजारो सीए फर्म, बँकांच्या शाखा, वितरण कंपन्या, निर्यातदार यांच्या गादीवर आज जे बसले आहेत, त्यांच्यातले किती तरी आपले पदवीधर आहेत. त्यांना विद्यापीठाने एक पत्र लिहावे: आपण जिथून आलात तिथल्या दोन मुलांना सहा महिने कामावर घ्या आणि काम खरोखर शिकवा, चहा आणायला लावू नका. व्यवसायात मुरलेल्या माणसाला धनादेश लिहिण्यापेक्षा हे सोपे जाते आणि आवडतेही. आपल्याला पहिली संधी कुणी दिली हे तो विसरलेला नसतो.

पैसा त्यानंतर येईल. कंपनी कायद्यातल्या २ टक्क्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शिक्षणावर खर्च करता येतो, देणगीवर आयकरात ८०-जीची सवलत मिळू शकते, हे सगळे वाणिज्य पदवीधराला कुणी समजावून सांगायची गरज नाही. विद्यापीठानेच तर त्याला ते शिकवले. हार्वर्ड काय किंवा पवईची आयआयटी काय, त्यांनी मागितले ते अनेक वर्षे विचारपूस केल्यानंतर. आपल्याकडे विचारपूस न करताच मागण्याची घाई होते आणि मग 'आपले लोक देत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. आपल्या लोकांनी शाळांना, वाचनालयांना, देवळांना, मंडळांना कायम दिले आहे. जिथे त्यांना नावाने ओळखतात तिथे दिले आहे.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या दीक्षान्त समारंभातल्या वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदवीधरांपासून सुरुवात करावी, सगळ्या शाखांची वाट पाहू नये. त्यांची यादी परीक्षा विभागाकडे आहेच. ती माजी विद्यार्थी कक्षाकडे जावी, कक्षाला दोन पूर्ण वेळ माणसे आणि एक फोन मिळावा, आणि पुढच्या वर्षी त्या यादीतल्या प्रत्येकाला विद्यापीठाकडून एक फोन जावा.

आपला,
एक नोंदणीकृत पदवीधर